दारपोच हिशेब

परदेशातून ऑनलाइन काही मागवणारा म्हटलं की हौशी गिऱ्हाईक डोळ्यांपुढं येतं. भारी बूट, अत्तर, मनगटावरचं नवं घड्याळ. मी बेळगावात उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहिते, आणि या कामासाठी माझ्याकडं येणारी माणसं तशी नसतात. कुणाचं सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं मशीन एका इलेक्ट्रॉनिक कार्डासाठी बंद पडलेलं असतं. शहापुरात पेट्या म्हणजे हार्मोनियम दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना जुने जर्मन सूर, म्हणजे पेटीच्या आत वाजणाऱ्या धातूच्या पत्त्या, हव्या असतात. खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंना मुलांना दाखवायला एखादं उपकरण हवं असतं. चैन यातल्या कुणालाच करायची नसते. जवळ आहे ते अजून काही वर्षं चालावं, एवढीच इच्छा. हवा तो भाग इथं मिळत नाही, बनवणाऱ्यानंच तो बंद केलेला असतो, आणि दूरच्या देशात कुणाच्या तरी फडताळात तो पडून आहे हे मोबाइलवर दिसतं. "वैनी, तेवढं मागवून द्या की ओ," म्हणत फोन पुढं करतात.

फोनवर दिसणारा आकडा मी आधी बाजूला ठेवायला लावते. दारात पडेपर्यंत काय पडेल ते आपण काढू, म्हणते.

बेळगावच्या व्यापाऱ्याला सीमेवरचा खर्च नवा नाही. जीएसटी येण्याआधी उद्यमबागेतून कोल्हापूरच्या पार्टीला कास्टिंग पाठवलं की तिच्याकडून 'सी' फॉर्म यायची वाट बघावी लागे. फॉर्म आला तर केंद्रीय विक्रीकर २ टक्के, नाही आला तर फरकाची रक्कम आपल्या खिशातून. असेसमेंट जवळ आली की माझी दुपार त्या फोनांत जायची. निपाणीच्या पुढं कोगनोळी नाक्यावर कागद दाखवायला गाड्या थांबायच्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उद्यमबागेच्या मालापुरता तरी तो फॉर्म आमच्या टेबलावरून उठला. त्या दिवसांबद्दल मला प्रेम नाही. पण दर किती, फॉर्म नाही आला तर किती, हे गाडी सुटण्याआधी शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. परदेशातून एखादी वस्तू मागवणाऱ्या साध्या माणसाला नेमकं तेवढंच कुणी सांगत नाही. मला या सगळ्यात खुपतं ते हे.

हिशेब असा असतो. सीमाशुल्काच्या तक्त्यात ९८०४ असं एक शीर्षक आहे. टपालानं किंवा विमानानं स्वतःच्या वापरासाठी आलेल्या, शुल्क लागू असलेल्या वस्तू त्याखाली येतात. बरीच वर्षं त्याचं मूळ शुल्क ३५ टक्के होतं. मूळ शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. दहा हजारांची वस्तू धरा. मूळ शुल्क ३,५००, अधिभार ३५०, बेरीज १३,८५०. त्यावर २८ टक्के म्हणजे ३,८७८. सरकारी भरणा एकूण ७,७२८ रुपये. ते दहा हजारही नुसत्या वस्तूचे नसतात, त्यात वाहतूक आणि विमा मिळवलेला असतो. वाहतुकीचा आकडा कागदावर नसेल तर मालाच्या किमतीच्या २० टक्के धरतात, विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. पोस्टेजवर शुल्क, शुल्कावर पुन्हा कर. डॉलरचा भावसुद्धा तुमच्या बँकेचा चालत नाही, कस्टम्सनं जाहीर केलेला लागतो.

हे ओझं अलीकडं उतरलंय, तेही सांगायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचा २८ टक्क्यांचा टप्पा गेला. मूळ शुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पात ३५ वरून २० वर आलं आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात ते १० वर आणायचं जाहीर झालं. चांगली गोष्ट आहे. पण त्या शीर्षकाचा स्वभाव तोच राहिला. सूर असो, भिंग असो, अत्तराची बाटली असो, वैयक्तिक वापर म्हटलं की सगळ्यांना एकच दर. दुरुस्तीसाठी आलेलं आणि मिरवण्यासाठी आलेलं यांत तिथं फरक नाही.

शेजारच्याच गाळ्यात आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक घेतलेला आणि जीएसटीत नोंदलेला कारखानदार असेल तर त्याचं गणित वेगळं. यंत्रांच्या बऱ्याच सुट्या भागांवर मूळ शुल्क साडेसात टक्के. दहा हजारांवर ७५० आणि अधिभार ७५, झाले ८२५. आयजीएसटी भरतो, पण त्याचं क्रेडिट त्याला परत मिळतं. एका भिंतीपलीकडं तीच वस्तू ८२५ रुपये जादा देऊन पडायची आणि अलीकडं ७,७२८. न्यायाला धरून सांगायचं तर पलीकडच्याला कस्टम्स एजंटाची फी, बिल ऑफ एन्ट्री, टर्मिनलचं भाडं हे सगळं आहेच, आणि एका कार्डासाठी ते परवडतंच असं नाही. तरीसुद्धा लहानात लहान गिऱ्हाइकानं जास्तीत जास्त द्यायचं आणि त्याला माहिती सगळ्यांत कमी, ही मांडणी मला पटत नाही. वर्षानुवर्षं दोन्हीकडच्या वह्या लिहूनही पटलेली नाही.

कार्डाची गोष्ट सांगते. उद्यमबागेत दोन मशीनं टाकून जॉब वर्क करणारा एक मुलगा आहे. त्याचं एक मशीन जपानी, जुनं, सेकंडहँड घेतलेलं. कंट्रोलरचं एक कार्ड गेलं. कंपनीनं ते बनवायचं कधीच बंद केलंय. चीनमधल्या एका विक्रेत्याकडं वापरलेलं, चाचणी केलेलं, असं लिहिलेलं कार्ड दिसलं. मशीन बंद म्हणजे ऑर्डर बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू. त्याला घाई होती आणि त्याच्या घाईला कारण होतं. विक्रेत्यानं उपकार करायच्या भावनेनं पार्सलवर 'गिफ्ट' लिहिलं आणि किंमत नाममात्र टाकली.

हा उपकार फार महागात पडतो, हे मी प्रत्येकाला सांगते. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू शुल्काशिवाय येत असे. तिचा इतका गैरवापर झाला की १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेनं टपाल-कुरियरनं 'भेट' म्हणून येणाऱ्या वस्तूंची बिनशुल्क आयातच बंद केली. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीबरोबरची भेट नव्हे, नुसती राखी. परदेशातल्या विक्रेत्यांना हा बदल अजून ठाऊक नसतो. ते 'गिफ्ट' लिहितात, कस्टम्स पैसे भरल्याचा पुरावा मागतं, बँकेच्या कार्डाचं स्टेटमेंट एक रक्कम दाखवतं आणि पार्सलवरची चिठ्ठी दुसरी. आता हा साधा गिऱ्हाईक राहत नाही, किंमत लपवणारा ठरतो. वापरलेल्या सुट्या भागांना आणखी एक अट असते. नूतनीकरण केलेला भाग असेल तर त्याचं किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे असा सनदी अभियंत्याचा दाखला. ते कार्ड समुद्रापलीकडं एका रॅकवर, त्याचं आयुष्य कोण मोजणार?

म्हणून ऑर्डर देण्याआधीच विक्रेत्याला लिहायचं: खरी किंमत टाका, भेट लिहू नका, वस्तूचं नाव पूर्ण लिहा, बिल पाकिटाच्या बाहेर लावा. पार्सलवर चिकटवायचा सीएन २२, आणि मोठ्या किमतीला सीएन २३, हे टपालाच्या कस्टम्स घोषणेचे फॉर्म. त्यावर 'मशीन पार्ट' एवढंच लिहिलेलं पार्सल हमखास उघडलं जातं.

त्या मुलाचं पार्सल अडकलं. कागदांवर कागद. मशीन तोवर झाकून ठेवलेलं.

अडकतं कुठं, तेही आमच्या भूगोलाशी जुळलेलं आहे. बेळगावाहून मुंबई पाचशे किलोमीटर, बंगळूरही पाचशे किलोमीटर. एकाच महामार्गावर दोन बाजूंना दोन शहरं आणि आम्ही बरोबर मध्ये. ट्रॅकिंगचा नंबर, दोन अक्षरं, नऊ अंक आणि पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं, कस्टम्सच्या शब्दावर येऊन थांबतो आणि आपण मुंबईला किंवा बंगळूरला जाऊन विचारू शकत नाही. एका वस्तूसाठी रात्रीची गाडी धरून मुंबईला कोण जाणार? कुरियर असेल तर केवायसी मागतात. त्यात आमचं आणखी एक दुखणं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण परदेशी साइटच्या यादीत पुष्कळदा जुनं बेलगामच सापडतं. आधारवर एक, पार्सलवर एक. नावाचंही तसंच, इथल्या कागदांवर कुठं नुसती आद्याक्षरं, कुठं आडनावासकट पूर्ण नाव. तिकडच्या टेबलावरच्या माणसाला ही दोन माणसं वाटली तर त्याचा दोष नाही, पण खुलासा करायला लागतो तो आपल्याला. मदतीच्या नंबरावर पिन कोड ५९ ने सुरू झाला की भाषा येतात कन्नड, हिंदी, इंग्रजी. कन्नड आम्हाला येतं, रोजच्या व्यवहाराला काही अडत नाही. पण सत्तरीच्या माणसाला शुल्क, अधिभार आणि दंड यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर तो घरच्या भाषेतच समजतो.

निपाणीकडचे काही लोक यावर तोड म्हणून कागलच्या नाहीतर कोल्हापूरच्या पाहुण्यांचा पत्ता देतात. पार्सल तिथं उतरतं, येता-जाता घेऊन येतात. मी त्यांना तसं करू देत नाही. मागवणारा एक, पत्ता दुसऱ्याचा, आधार तिसऱ्या गावचं. अडलं तर सोडवायला पाहुण्यांनाच पळावं लागतं आणि सोयरिकीत उगाच खडा पडतो.

टपाल आणि कुरियर यांत निवडायचं झालं, तर घाई नसलेल्या लहान वस्तूला मी टपालच सुचवते. वेळ लागतो, पण शुल्क लागलं तर पोस्टमन दारात पावती देऊन घेतो. "अक्का, पैसे भरायचे हाईत बघा," म्हणून सांगतो, एखाद्या दिवशी परत येतो. कुरियर लवकर येतं. त्याबरोबर 'तुमचं शुल्क आम्ही आगाऊ भरलं' याची फी येते आणि त्या फीवर जीएसटी येतो. हजार-दीड हजाराच्या वस्तूवर ही फी शुल्काहून मोठी झालेली मी पाहिली आहे. उशीर करूनही चालत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानं ३० दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकता येतो.

पैसे भरतानाचे खर्च लहान असतात म्हणून कुणी मोजत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून कार्डावर परदेशी व्यवहार आपण होऊन सुरू करून घ्यावा लागतो. तो झाल्यावर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लावते, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. साइट विचारते, रुपयांत भरणार का? तिथं नाही म्हणायचं आणि विक्रेत्याच्याच चलनात भरायचं, कारण त्यांचा रुपयाचा भाव बहुतेक वेळा बँकेपेक्षा वाईट असतो. युरोपातला विक्रेता असेल तर बिलात तिथला व्हॅट आहे का बघायचं. जर्मनीत तो १९ टक्के आहे. युरोपाबाहेर जाणाऱ्या मालाला तो लागायचा नसतो, पण लहान विक्रेता सवयीनं लावून मोकळा होतो. त्यांचा कर त्यांना आणि आपला कर आपल्याला, दोन्ही एकाच गिऱ्हाइकाकडून. अमेरिकेतलं विजेवरचं उपकरण तर १२० व्होल्टचं. आमच्या २३० वर लावलं की संपलं.

पेटीच्या काकांचं काम माझ्या सगळ्यांत जवळचं. पं. रामभाऊ विजापुरे यांची पेटी ज्या गावानं ऐकली, त्या गावात सुराबद्दल तडजोड करणारी माणसं कमी. आता सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात, चांगले येतात, हजारो पेट्या त्यांच्यावर वाजतात. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीची जर्मन सुरांची पेटी दुरुस्तीला आली आणि त्यातली एक पत्ती तुटलेली असली, तर शेजारच्या सुराशी जमेल अशी पत्ती काकांना त्याच जातीची लागते. युरोपात जुने ऑर्गन मोडतात, त्यांचे सूर कुणीतरी विकायला काढतो. काका फोटो मोठा करून तासन् तास बघतात. एका विक्रेत्याकडून सुरांचा एक संच आला. तो पातळ पाकिटात, कसल्याही आधाराशिवाय गुंडाळलेला. काही पत्त्या वाकल्या होत्या, काही मुळापासून गेल्या होत्या.

विक्रेता सभ्य होता. सगळा संच परत पाठवा, पूर्ण पैसे देतो, म्हणाला. परत पाठवायचं पोस्टेज संचाच्या किमतीहून जास्त होत होतं. भरलेल्या शुल्काचं काय? कायद्याच्या कलम ७४ मध्ये सोय आहे, आलेला माल जसाच्या तसा परत गेला तर शुल्काच्या ९८ टक्क्यांपर्यंत परतावा. पण ती वाट आयातदारांसाठी आखलेली. तीच वस्तू आहे हे अधिकाऱ्यापुढं पटवायचं, परतीची निर्यात म्हणून कागद करायचे, दावा दाखल करायचा. एका पाकिटातल्या सुरांसाठी शहापूरच्या कारागिरानं हे कसं करायचं? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, त्याखालचे ई-कॉमर्सचे नियम २०२० चे, आणि भारतातल्या ग्राहकांना नियमित माल विकणाऱ्या परदेशी कंपनीलाही ते लागू आहेत. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, बेळगावातच. कायदा चांगला आहे. पण युरोपातल्या त्या एकट्या विक्रेत्यावर समन्स बजावणार कोण? खरी उपयोगी पडते ती कार्डाची चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत घ्यायची मागणी, तीही मुदतीत आणि फोटोंसकट केली तर. काकांनी फोटो पाठवले, विक्रेत्यानं काही रक्कम परत केली, आणि धड राहिलेल्या पत्त्या काकांनी घासून, कानानं जुळवून वेगवेगळ्या पेट्यांत बसवल्या. त्यांनी त्या हिशेबात आपली मजुरी धरली नाही. मी धरून बघितली होती.

खानापूरच्या बाईंचं पार्सल कधी निघालंच नाही, याचं मला समाधान आहे. त्यांना प्रकाशाचा वर्णपट दाखवणारं साधं उपकरण हवं होतं. किमतीपेक्षा पोस्टेज जास्त. देशात शोधलं तर हरियाणातल्या अंबाल्यात शाळा-कॉलेजांची वैज्ञानिक उपकरणं बनवणारे कारखानेच कारखाने आहेत. तिथून मागवलं, जीएसटीच्या बिलासह, शाळेच्या नावानं. परदेशी साइटचा शोध इतका सोपा झालाय की आपल्याच देशातला कारखाना दिसेनासा होतो. गिऱ्हाइकाला हे मी आधी शोधायला लावते, आणि अर्ध्या वेळा काम तिथंच होतं.

आयात शुल्काला माझा विरोध नाही. उद्यमबागेच्या भट्ट्यांवर माझ्या घरासारखी कितीतरी घरं चालतात, आणि बाहेरून स्वस्त माल बेधडक आला तर काय होतं ते त्यांच्या ताळेबंदात मी वाचलंय. जगही त्याच दिशेनं चाललंय. युरोपीय संघानं २२ युरोंपर्यंतची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ ला काढली. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्या घोळात आपल्या टपाल खात्यानं अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं. पोरं तिकडं असलेली इथली घरं दिवाळीचा फराळ आणि कुंदा कसा पाठवायचा म्हणून हवालदिल झाली. १५ ऑक्टोबर २०२५ ला सेवा पुन्हा सुरू झाली, आणि ती सुरू झाली ती या पद्धतीनं की तिकडचं शुल्क इथल्या खिडकीवरच, पार्सल देतानाच भरून घ्यायचं. पाठवणाऱ्याला आकडा तिथंच कळतो, घेणाऱ्याच्या दारात काही निघत नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटलं. परक्या देशाचं शुल्क बेळगावच्या खिडकीवर आधी सांगता येतं, तर आपल्याच देशाचं का सांगता येऊ नये? वस्तूचं नाव, किंमत, वाहतूक सांगितली की अंदाजे भरणा किती, कुठले कागद लागतील, कुठली वस्तू येऊच शकत नाही, एवढं हेड पोस्टातल्या एका टेबलावर मिळावं. ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, हे कॉलेजच्या पोराला पैसे भरून झाल्यावर कळू नये.

तोवर आमच्यापुरती वाट काढली आहे. कार्डवाल्या मुलानं ५०० रुपये भरून आयईसी काढला. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती ताजी करावी लागते, ते मी वहीत लिहून ठेवलंय. त्याच्या ओळीतल्या गाळ्यांना बाहेरचे भाग लागले की तो एकत्र मागवतो, आयजीएसटीचं क्रेडिट घेतो आणि ज्याचं त्याला रीतसर बिल करून देतो. एजंटाची फी सगळ्यांत वाटली जाते. पेटीचे काका आणि बाई यांना ही वाट चालत नाही, ते स्वतःसाठीच मागवणारे. त्यांच्यासाठी टपाल खात्याच्या पुढच्या डाक अदालतीला, म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीला, द्यायचा अर्ज मी तयार केलाय. मागण्या दोन: शुल्काच्या पावतीवर मूळ शुल्क, अधिभार, आयजीएसटी आणि टपालाची फी वेगवेगळी दाखवा, आणि ज्या दारात ती पावती जाते तिथं वाचता येईल अशा भाषेत तिचा खुलासा द्या, कन्नडबरोबर मराठीतही. शुल्क ठरवणं टपाल खात्याच्या हातात नाही, हे मला माहीत आहे, म्हणून एक प्रत कस्टम्सलाही पाठवणार आहे.